वाइनमध्ये द्राक्षांशिवाय काय काय पडतं? सांगली भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यात द्राक्ष म्हटलं की आधी निर्यातीचा माल, मग बेदाणा आणि सगळ्यात शेवटी वाइन. पलूसला एमआयडीसीचा कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे, तरी टाकीत नेमकं काय घडतं याची माहिती बागेपर्यंत फारशी पोचलेली नाही. मी तळघरात आणि प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडचे बागायतदार, वायनरीत नव्याने लागलेली मुलं आणि वाइन पिणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. वाइनमध्ये काय घातलं हे लपवायची गरज नाही, आणि सांगताना आवाज खाली करायचीही गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाइन म्हणजे नुसता आंबवलेला द्राक्षाचा रस ना? मग त्यात काही घालायचं कारण काय?

रस आपोआप आंबतो, हे खरं. सालीवरचं आणि वायनरीच्या भिंती-पाइपांवरचं यीस्ट रसातली साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. पण निसर्गाचं काम तिथे थांबत नाही. हवा मिळाली की अॅसिटिक जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. वाइन हा रस आणि व्हिनेगर यांच्या मधला मुक्काम आहे, आणि तिला तिथे धरून ठेवायला माणूस लागतो. जे काही घातलं जातं, त्यातलं बरंचसं या धरून ठेवण्यासाठीच असतं. उरलेलं असतं ते बागेत राहून गेलेली कसर भरायला. या दुसऱ्या भागावर आपण सांगलीकर बरंच काही करू शकतो, म्हणून खाली त्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

‘घातलेलं’ आणि ‘वापरून काढून टाकलेलं’ यात फरक काय?

फरक मोठा आहे. सल्फर डायऑक्साइड किंवा टार्टारिक आम्ल वाइनमध्ये राहतं आणि बाटलीतही आपलं काम करत राहतं. त्याला मिश्रक म्हणायचं. बेंटोनाइट माती, अंड्याचा पांढरा भाग, गाळणीची पावडर, टाकीवर सोडलेला नायट्रोजन वायू हे सगळं काम झाल्यावर तळाशी बसतं, गाळलं जातं किंवा उडून जातं. त्यांना प्रक्रिया साहाय्यक म्हणतात. यीस्टही मरून गाळात बसतं.

कायद्याने ही रेघ स्वच्छ आखलेली असली, तरी प्रत्यक्षात ती थोडी पुसट आहे. अंड्याच्या किंवा दुधाच्या प्रथिनाचा अंश क्वचित मागे राहू शकतो, आणि ज्याला अॅलर्जी आहे त्याच्यासाठी तो अंशही महत्त्वाचा असतो. म्हणून ‘ते काढून टाकलं, आता सांगायची गरज नाही’ हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही.

बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तेच वाइनमध्ये असतं का?

हो, मूळ पदार्थ तोच, सल्फर डायऑक्साइड. शेडमध्ये गंधक जाळून धूर देतात, वायनरीत बहुतेक वेळा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पांढरी पावडर वापरतात. आम्ही तिला केएमएस म्हणतो. या पावडरीच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. म्हणजे १००० लिटरच्या टाकीत लिटरला ५० मिलिग्रॅम द्यायचा असेल तर सुमारे ८७ ग्रॅम पावडर लागते.

कामं दोन. बेदाण्याचा रंग पिवळा राहतो त्याच कारणाने पांढरी वाइन तपकिरी पडत नाही, कारण तो हवेमुळे होणारा बदल अडवतो. आणि नको असलेले जिवाणू व रानटी यीस्ट आवरतो.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर युरोपीय संघाच्या मर्यादा बघा. कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम, कोरड्या पांढऱ्या व गुलाबी वाइनला २००. त्याच युरोपात बेदाण्याला किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. वाइनमधल्या सल्फाइटची (वाइनमध्ये मिसळलेल्या सल्फर डायऑक्साइडचंच हे नाव) भीती वाटणारा माणूस मूठभर पिवळाधमक बेदाणा निश्चिंतपणे खातो, हे मी नेहमी बघतो. बेदाणा वाईट आहे असं म्हणायचं नाही, पण मोजायचं तर दोन्हीकडे एकाच मापाने मोजावं.

मग किती सल्फर पुरतं?

याचं उत्तर पीएचवर आहे (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट), आणि इथेच आपल्या भागाची खरी अडचण सुरू होते.

घातलेल्या सल्फरचा (सल्फर डायऑक्साइडला आम्ही थोडक्यात सल्फर म्हणतो) काही भाग वाइनमधल्या इतर घटकांना चिकटून बसतो. उरतो तो मुक्त सल्फर. त्या मुक्त सल्फरमधलाही अगदी छोटा हिस्सा रेणूच्या रूपात असतो आणि जंतूंना मारण्याचं काम तोच करतो. पीएच ३.२ असेल तर हा हिस्सा जवळपास ४ टक्के असतो. पीएच ३.८ झाला की तो १ टक्क्यावर येतो. म्हणून तेवढंच संरक्षण मिळवायला ३.२ पीएचच्या वाइनमध्ये लिटरला २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर पुरतो, तर ३.८ च्या वाइनमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. चौपट! आणि ८० मिलिग्रॅमचा वास पिणाऱ्याच्या नाकाला झोंबतो, त्यामुळे तेवढा देताही येत नाही.

आता फेब्रुवारी-मार्चमधला आपला माळ आठवा. रात्र थंड असली तरी दुपार तापलेली असते. उन्हात मणी स्वतःतलं मॅलिक आम्ल जाळून टाकतो. साखर भराभर चढते आणि आम्लता उतरते. ‘अजून दोन ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) वाढू दे’ म्हणून बागायतदार आठवडाभर थांबला, तर पीएच ३.५ वरून ३.८ ला गेलेला असतो. बागेत थांबलेल्या त्या आठवड्याची भरपाई टाकीत सल्फर आणि आम्ल ओतून करावी लागते. वाइनमध्ये किती गोष्टी घालाव्या लागणार, हे मोठ्या प्रमाणात तोडणीच्या तारखेला ठरतं. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर या पानाचं काम झालं.

तोडणी कशावर ठरवायची? ब्रिक्सवर नाही का?

ब्रिक्स एकटा पुरत नाही. खायच्या द्राक्षाला आणि बेदाण्याला साखर हाच राजा, त्यामुळे सगळ्यांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. वाइनच्या द्राक्षाला त्यासोबत पीएच आणि एकूण आम्लताही मोजा. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, घडाच्या वरचे, मधले, खालचे मणी घ्या, चुरडून रस एकत्र करा आणि मगच मोजा. कडेच्या ओळीतला उन्हातला एक घड तोडून मोजलेला आकडा फसवतो. बी चावून बघा, ती तपकिरी आणि कुरकुरीत झाली आहे का. तोडणी पहाटे करा आणि क्रेट सावलीत ठेवून लगेच गाडी हलवा. दुपारी तोडलेला माल तापलेल्या ट्रॉलीत पलूसपर्यंत आला की वाटेतच रस गळतो आणि आंबायला लागतो. मग पहिला सल्फरचा डोस वाढतो.

पोटॅशचा आणि वाइनचा काय संबंध?

फार जवळचा, आणि तो कुणी सांगत नाही. गोडी आणि चकाकी यावी म्हणून खायच्या द्राक्षाला आपण पोटॅश सढळ हाताने देतो. वाइनच्या बागेत तेच केलं तर मण्यात पोटॅशियम साठतं, ते टार्टारिक आम्लाला बांधून टाकतं आणि रसाचा पीएच वर जातो. मग आम्ही वायनरीत टार्टारिक आम्ल विकत आणून घालायचं. देठ परीक्षण करून जेवढी कमतरता दिसेल तेवढंच पोटॅश द्या. शेजाऱ्याच्या खायच्या थॉमसन किंवा माणिक चमनच्या वेळापत्रकाची नक्कल वाइनच्या कॅबर्ने किंवा शिराझवर करू नका.

टार्टारिक आम्ल घालणं ही भेसळ आहे का?

नाही. टार्टारिक हे द्राक्षाचं स्वतःचंच आम्ल आहे, आणि बाजारातलं नैसर्गिक टार्टारिक वाइनच्या गाळातून व टाकीला चिकटलेल्या क्षारातूनच काढलेलं असतं. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक वायनऱ्या ते वापरतात. लिटरला १ ग्रॅम घातलं तर पीएच ढोबळमानाने ०.१ ने उतरतो. रसात पोटॅशियम जास्त असेल तर तेवढाही उतरत नाही.

दोन सूचना. ते आंबवण्याआधी, रसातच घाला. नंतर घातलेलं आम्ल जिभेवर वेगळं, टोचल्यासारखं लागतं. आणि विकत घेताना ‘एल प्लस’ टार्टारिक मागा. कृत्रिम, मिश्र रूपातलं टार्टारिक स्वस्त मिळतं, पण ते वाइनमधल्या कॅल्शियमशी मिळून महिन्यांनी बाटलीत साका धरतं.

यीस्ट विकतचं का? आपल्या बागेतलं चालत नाही का?

चालतं, पण भरवशाचं नाही. सालीवरची बरीचशी यीस्ट ४-५ टक्के अल्कोहोलला मान टाकतात. शेवटपर्यंत टिकतं ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, आणि ते बागेत फार थोडं असतं. २४ ब्रिक्सचा गरम रस त्यांच्यावर सोडला तर आंबणं मध्येच अडकण्याचा धोका असतो. अडकलेल्या गोड, कोमट वाइनमध्ये जिवाणूंचं फावतं, मग पुन्हा सल्फर आणि पुन्हा यीस्ट. म्हणून बहुतेक जण कोरडं यीस्ट वापरतात, लिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम. ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, मग थोडा थोडा रस घालून ते गार करत आणायचं. भिजवलेलं यीस्ट थेट १५ अंशांच्या रसात ओतलं तर त्यातलं बरंचसं तिथेच मरतं.

ज्यांना रानटी यीस्टची वाइन करायची आहे त्यांनी जरूर करावी, मला ती आवडते. फक्त आधी छोट्या टाकीत करून बघावी आणि माल निरोगी असावा.

डीएपी म्हणजे आपलं खताचं डीएपी?

रसायन तेच, डायअमोनियम फॉस्फेट, पण पोतं मुळीच ते नाही. खताच्या दुकानातलं १८:४६ हे शेतासाठी बनवलेलं असतं. त्यात जड धातू आणि इतर अशुद्धी असू शकतात. वायनरीत खाद्य दर्जाचंच लागतं. कुणी खताचं डीएपी टाकीत टाकत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो. रसात तो लिटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तर यीस्ट उपाशी राहतं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतं. त्याचा वास थेट कुजक्या अंड्याचा. १०० मिलिग्रॅम डीएपीतून २१ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो, यावरून हिशेब करा. पण आधी मोजा. गरज नसताना घातलेला नायट्रोजन शेवटी उरतो आणि तोच नको असलेल्या जिवाणूंचं खाद्य होतो. मृत यीस्टपासून बनवलेलं सेंद्रिय खाद्यही मिळतं. ते महाग असतं, पण त्याच्यावर यीस्ट शांतपणे काम करतं.

कुजक्या अंड्याचा वास आलाच तर?

आधी कारण बघा. नायट्रोजन कमी असणं हे एक. दुसरं बागेतलं. भुरी रोगासाठी मारलेलं गंधक तोडणीच्या वेळी घडावर शिल्लक असेल तर यीस्ट त्याचंही हायड्रोजन सल्फाइड करतं. तोडणीच्या आधी महिनाभर तरी गंधकाची फवारणी नको.

सुरुवातीलाच वास आला तर वाइन उघड्यावरून दुसऱ्या टाकीत घेतल्याने बरेचदा जातो. नाही गेला तर अगदी सूक्ष्म मात्रेत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट वापरतात. तांबं त्या वासाला बांधून तळाशी नेतं. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आपल्याला अपरिचित नाही, पण टाकीत ते घालताना हात आखडलेलाच हवा. आंतरराष्ट्रीय वाइन संघटना ओआयव्हीच्या नियमाप्रमाणे तयार वाइनमध्ये तांबं साधारणपणे लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. आधी ग्लासात चाचणी घ्या, मग टाकी.

औषधांचे अंश वाइनमध्ये उतरतात का?

काही उतरतात. बरेचसे गाळात आणि मृत यीस्टबरोबर निघून जातात, पण त्या भरवशावर फवारणी करणं चूक आहे. लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी वाइनच्या द्राक्षालाही तितकाच लागू आहे. ‘युरोपला जाणार नाही, वाइनलाच जाणार’ हे वाक्य मी ऐकलं आहे आणि त्याने मला त्रास होतो. निर्यातीचं द्राक्ष खाण्याआधी निदान धुतलं तरी जातं, वाइनचं द्राक्ष सालीसकट जसंच्या तसं टाकीत जातं. शिवाय काही बुरशीनाशकं यीस्टलाही मारतात. यीस्ट हीसुद्धा एक बुरशीच आहे.

बेंटोनाइट माती वाइनमध्ये कशाला?

पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षाची काही प्रथिनं विरघळलेली असतात. थंड तळघरात ती दिसत नाहीत. पण एप्रिलमध्ये बाटल्यांची पेटी ट्रकमधून सांगलीहून मुंबईला गेली की उष्णतेने ती प्रथिनं फुलतात आणि वाइन गढूळ होते. बेंटोनाइटवर ऋण भार असतो, वाइनच्या आम्लात प्रथिनांवर धन भार, त्यामुळे ती मातीला चिकटून खाली बसतात. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम माती पाण्यात आदल्या दिवशी भिजवून, फुगवून घालतात. पुरेशी झाली का हे तपासायला वाइनचा नमुना ८० अंशांवर दोन तास ठेवून गार करायचा. स्वच्छ राहिला तर झालं.

आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत. पण बोअरवेल खोदणाऱ्यांकडचं बेंटोनाइट आणि वाइनच्या दर्जाचं बेंटोनाइट यांच्या शुद्धतेत फार अंतर आहे. जास्त माती घातली तर वासही घेऊन जाते, म्हणून चाचणीशिवाय डोस ठरवू नये.

मी शाकाहारी आहे. वाइन मला चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर ‘बाटलीवर अवलंबून’ असं आहे.

वाइन नितळ करायला आणि तिचा तुरटपणा कमी करायला परंपरेने प्राणिज प्रथिनं वापरत आले आहेत. लाल वाइनसाठी अंड्याचा पांढरा भाग, २२५ लिटरच्या पिंपाला साधारण तीन ते सहा अंडी. पांढऱ्या वाइनसाठी दुधातलं केसीन, किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास. आणि जिलेटिन, जे गुरांच्या किंवा डुकरांच्या हाडा-कातड्यातून येतं. हे सगळं नंतर काढून टाकतात. पण आपल्याकडे प्रश्न ‘राहिलं किती’ एवढाच नसतो, ‘लागलं का’ हाही असतो. वारकरी घरातल्या माणसाला किंवा जैन मित्राला अंश शून्य आहे असं सांगून त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आता पर्याय भरपूर आहेत. वाटाण्याचं प्रथिन, बटाट्याचं प्रथिन, बुरशीपासून मिळणारं कायटोसान, बेंटोनाइट, पीव्हीपीपी नावाचं कृत्रिम पॉलिमर. किंवा काहीच न घालता वाइनला सहा-आठ महिने स्वतःहून बसू द्यायचं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) मद्यविषयक नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, आणि त्यांत अंडी, आयसिंग्लास, दूध यांचा अंश वाइनमध्ये असल्यास शाकाहारी-मांसाहारी खूण करण्याची तरतूद आहे. तरी माझा सल्ला असा की वायनरीला सरळ विचारा: नितळ करायला काय वापरलं? तिथल्या वाइनमेकरला ते माहीत असतंच. महाराष्ट्रातल्या वायनरीने या प्रश्नाला कंटाळता कामा नये.

बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे दिसले. साखर घातली होती का?

नाही. ते टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम यांचे स्फटिक आहेत, फ्रिजमध्ये ठेवल्यावर बसतात. निरुपद्रवी आहेत. ते टाळायला वाइन उणे ४ अंशांच्या आसपास काही दिवस ठेवून स्फटिक आधीच पाडून घेतात. या थंडीला वीज फार लागते. म्हणून काही ठिकाणी स्फटिक बनूच नयेत यासाठी सीएमसी नावाचा सेल्युलोजचा डिंक किंवा यीस्टपासून मिळणारी मॅनोप्रोटीन घालतात. मला स्वतःला खडे असलेली बाटली चालते. ग्राहकाला समजावून सांगितलं तर त्यालाही चालते.

साखर घालतात का मुळात?

फ्रान्स-जर्मनीच्या थंड भागात द्राक्षात साखर कमी भरते, तिथे आंबवण्याआधी रसात साखर घालायची पद्धत आहे. शाप्ताल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८०१ च्या सुमारास ती लोकप्रिय केली. आपल्या उन्हात वाइनच्या द्राक्षाला त्याची गरज पडत नाही. गोड वाइनमधली साखर हा वेगळा विषय आहे. तिथे साखर असताना यीस्ट पुन्हा जागं होऊ नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालतात किंवा अगदी बारीक गाळणीतून वाइन गाळतात.

खायची द्राक्षं उरली की त्यांची वाइन करता येईल ना?

आंबेल, पण वाइन पातळ होईल. जीएच्या (जिब्रेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक) बुडवणीने फुगवलेल्या थॉमसन, सोनाका किंवा तास-ए-गणेशच्या मण्यात पाणी भरपूर आणि गराच्या मानाने साल कमी. वाइनचा वास, रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) सालीत असतात. जे सालीत नाही ते मग पाकिटातून आणावं लागतं: टॅनिन, आम्ल, ओकच्या चिपा, डिंक. मिश्रकांची यादी लांबवण्याचा हा हमखास रस्ता आहे. भाव पडलेल्या वर्षी बागायतदाराची तगमग मला कळते. पण अशा मालाला बेदाणा हा सन्मानाचा मार्ग आहे आणि तो आपल्याला येतो.

ओकच्या चिपा म्हणजे फसवणूक?

सांगितलं तर नाही. लाकडी पिंपाचा वास यावा म्हणून भाजलेले ओकचे तुकडे टाकीत सोडतात. युरोपीय संघाने २००६ मध्ये त्याला परवानगी दिली. चिपा घालून लेबलवर पिंपांचं चित्र छापणं मात्र अयोग्य.

मग खरी भेसळ कोणती?

१९८५ मध्ये ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी वाइन जाड आणि गोड लागावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी इटलीत मिथेनॉल मिसळलेली वाइन पिऊन वीसहून अधिक माणसं मेली. ही दोन्ही रसायनं कुठल्याही परवानगीच्या यादीत नव्हती. ऑस्ट्रियाने त्यानंतर आपला वाइन कायदा पार बदलून कडक केला. परवानगीच्या मात्रेतलं केएमएस आणि हे गुन्हे एकाच ‘केमिकल’ या शब्दात बसवले की खऱ्या गुन्हेगाराला लपायला जागा मिळते.

वाइन प्यायल्यावर डोकं दुखतं ते सल्फाइटमुळे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. लाल वाइनने डोकं दुखतं अशी तक्रार जास्त असते, पण सल्फाइट साधारणपणे पांढरीत जास्त असतं. पाणी कमी पिणं, हिस्टामिन आणि मुख्य म्हणजे अल्कोहोल, ही कारणं आधी तपासा.

दमा असलेल्या काही लोकांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, श्वास अडकतो. त्यांनी सावध राहावं आणि डॉक्टरांशी बोलावं. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फर डायऑक्साइड असेल तर लेबलवर तसं लिहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना व एफएओच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. लिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या वाइनच्या दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात १५ मिलिग्रॅम असतं. पूर्ण बाटलीत ७५. म्हणजे एका ग्लासात मर्यादा ओलांडत नाही, बाटलीत ओलांडते. पण बाटलीभर वाइन पिणाऱ्याच्या तब्येतीला सल्फाइटच्या कितीतरी आधी अल्कोहोल बाधतं. अल्कोहोल हे कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे, आणि वाइन त्याला अपवाद नाही. वाइन विकणाऱ्यांनी तिला औषध म्हणून सांगू नये.

‘सल्फाइटमुक्त’ वाइन मिळते का?

‘वरून घातलेलं नाही’ अशी मिळते. पूर्ण मुक्त मिळणं कठीण, कारण यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट बनवतं. आपल्या तापमानात अशी वाइन टिकवायची तर द्राक्ष निर्दोष, पीएच कमी आणि बागेपासून ग्लासापर्यंत थंडी अखंड हवी. ज्या दुकानात बाटल्या उन्हाच्या काचेमागे मांडलेल्या असतात तिथून अशी वाइन घेऊ नका.

लेबलवर सगळे घटक का लिहीत नाहीत?

बऱ्याच देशांत मद्याला त्यातून सूट मिळत आली. युरोपीय संघात ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला घटकांची यादी देणं बंधनकारक झालं. ती क्यूआर कोडमधूनही देता येते, अॅलर्जीचे घटक मात्र बाटलीवरच हवेत. आपल्याकडच्या वायनऱ्यांनी कायद्याची वाट न बघता हे सुरू करावं असं मला मनापासून वाटतं. निर्यातीच्या द्राक्षाची पेटी कुठल्या बागेतून आली हे सांगलीचा बागायतदार कागदावर दाखवून देतो. त्याच शिस्तीने बाटलीत काय गेलं तेही दाखवता येईल. त्याला नवीन यंत्र लागत नाही, तळघरातली नोंदवही पुरते.

घरी थोडी करून बघितली तर?

महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन बनवता येत नाही, त्यामुळे घरगुती डोस मी सांगत नाही. शिकायचं असेल तर हंगामात वायनरीत काम करा. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं कामही बघण्यासारखं आहे.

वायनरीत काम करताना धोका कशाचा?

सगळ्यात मोठा धोका दिसतही नाही आणि विकतही आणावा लागत नाही. एक लिटर रस आंबताना ५० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी आणि खोलगट जागी साठतो. रिकामी दिसणारी टाकी धुवायला आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आधी हवा खेळवा, वायू मोजा, बाहेर माणूस उभा ठेवा, मगच आत जा. केएमएसची पावडर आम्लात किंवा गरम पाण्यात कालवताना तोंड त्याच्यावर धरू नका. मास्क आणि चष्मा घाला, आणि दम्याच्या माणसाला हे काम देऊ नका.

मागच्या हंगामातलं केएमएस चालेल का?

पाकीट हवाबंद राहिलं असेल तर चालू शकतं, पण तपासून. पावसाळ्यात ओल धरली की त्यातला सल्फर हळूहळू उडून जातो. पावडर पांढरीच दिसते, ताकद मात्र गेलेली असते. गठ्ठा झालेलं पाकीट टाकी-पिंपं धुवायला वापरा. वाइनसाठी नवीन घ्या आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.